तेरड्याचे कूळ आणि ‘एस. एम. कंट्री’ : पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या तेरड्यांची यादी करायला घेतली की पहिली अडचण शिवारात येत नाही, कपाटात येते. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत श्रावण-भाद्रपदात रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेरडा उभा असतो. त्यातला कोणता कुठला, हे दहापट भिंग हाताशी असेल तर अर्ध्या तासात सांगता येते. पण तीच जात याआधी इथून कुणी नोंदवली होती का, हे बघायला गेले की मुंबई इलाख्याच्या काळातले ग्रंथ, महाराष्ट्राची यादी आणि कर्नाटकाची यादी समोर ठेवून बसावे लागते, आणि तिन्हींचा मेळ लागत नाही. झाडे तीच असतात. ‘बेळगाव’ या शब्दाचा अर्थ मात्र प्रत्येक पिढीत बदललेला असतो, आणि इलाख्याच्या ग्रंथात तर तो ‘एस. एम. कंट्री’, म्हणजे दक्षिण मराठा मुलूख, या मथळ्याखाली गेलेला असतो.

कुळाचा पसारा थोडक्यात. शास्त्रीय नाव इम्पेशन्स. (कूळ म्हणजे इथे जीनस, आणि त्याच्या वरचे घराणे म्हणजे फॅमिली.) जगात हजाराहून अधिक जाती, भारतात दोनशेच्या वर, त्यातल्या शंभराहून अधिक एकट्या सह्याद्रीत. पण ही गर्दी बहुतेक सगळी दक्षिणेला, केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत आहे. तिकडे पाऊस दोन मोसमांत विभागून पडतो, धुके असते, उन्हाळा छोटा असतो. त्यामुळे बारमाही तेरडे, झाडाच्या शेवाळलेल्या फांदीवर वाढणारे तेरडे, सगळे प्रकार तिथे टिकतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि पुढे सात-आठ महिने कोरडे. मऊ, पाणीदार खोडाच्या झाडाला एवढा दुष्काळ सोसत नाही. म्हणून बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातला तेरडा एकतर वर्षायू असतो, चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळा होतो, नाहीतर जमिनीत किंवा खडकाच्या फटीत कंद ठेवून झोपी जातो. दुसऱ्या प्रकारात इम्पेशन्स अकॉलिस येतो. धबधब्याच्या तुषारांत भिजणाऱ्या उभ्या कातळाला चिकटलेली पाने, आणि त्यांतून सरळ वर आलेल्या बारीक दांड्यावर गुलाबी फुले. खोड जवळजवळ नाहीच.

जुना इतिहास फार लांबवण्यासारखा नाही. १६७८ ते १६९३ या काळात मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ निघाला. त्यात तेरड्याची ‘ओणपू’ या मल्याळी नावाने चित्रे आहेत. तिकडे ओणम, इकडे गौर. फुलायचा काळ तोच. त्या ग्रंथातल्या चित्रांवर देवनागरीत कोकणी नावेही कोरलेली आहेत, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पुढे १७५३ साली स्वीडनमधल्या निसर्गशास्त्रज्ञाने वनस्पतींना दोनपदी नावे दिली, तेव्हा या कुळाला लॅटिन ‘अधीर’ या अर्थाचे नाव पडले, बोंड हात लावताच फुटते म्हणून. आपला घरगुती तेरडा इम्पेशन्स बाल्समिना तेव्हाचाच. समोरासमोर अरुंद पाने असणारा माळावरचा इम्पेशन्स ऑपोझिटिफोलियाही त्याच यादीतला. त्या यादीतली एक जात मात्र नंतर कुळाबाहेर काढावी लागली. तळ्यात वाढणारी, पाचही पाकळ्या सुट्या असणारी आणि फळ न फुटणारी. १८३४ साली तिच्यासाठी हायड्रोसेरा हे वेगळे कूळ मान्य झाले, आणि आजही तेरड्याच्या घराण्यात एवढी दोनच कुळे आहेत: एकात हजारावर जाती, दुसऱ्यात एक.

पुढचे वाद समजायचे तर फूल एकदा नीट उघडून बघावे लागते. बांधावरचे ताजे फूल देठासकट घ्या. देठ कळीपासून फुलापर्यंत अर्धा वळसा घेतो. म्हणजे आपल्याला जो भाग खाली दिसतो, होडीसारखा, मागे सोंड निघालेला, तो मुळात वरचा. आणि तो पाकळी नाही, निदल आहे, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरच्या वेढ्यातले दल. सोंडेला पाठ्यपुस्तकात शुंडिका म्हणतात. मध तिच्या टोकाला असतो. होडीच्या दोन बाजूंना दोन बारीक, हिरवट निदले असतात, ती नखाने सुटी करावी लागतात. डोक्यावर छत्रीसारखी दिसणारी ती एकटी पाकळी. उरलेल्या चार पाकळ्या दोन-दोन जुळून दोन पंख झालेल्या असतात, आणि प्रत्येक पंखाला एक मोठी व एक लहान अशी फाक असते. जात ओळखायची ती या फाकांच्या आकारावरून, सोंडेच्या लांबीवरून आणि बाजूच्या निदलांवरून. मधोमध पाच पुंकेसरांचे परागकोश एकमेकांना चिकटून अंडाशयावर टोपी घालून बसलेले असतात. आधी पराग सुटतात, मग टोपी गळते, मग कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे टोक, उघडी पडते. नुकती उमललेली ताजीच फुले तेवढी वेचणाऱ्याला कुक्षी कधी दिसतच नाही. वर्णन करायचे तर एकाच झाडावरची दोन वयांची फुले घ्यावी लागतात.

होडीसारख्या निदलाला एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक ‘लिप’, म्हणजे ओठ, म्हणत. आमरीच्या (ऑर्किडच्या) फुलातही ओठ असतो, पण ती पाकळी. दोन्हीकडे तोच शब्द, आणि अवयव वेगळा. जुन्या ग्रंथातून मराठीत उतरवताना ‘ओष्ठ पाकळी’ असे लिहिले की वर्णन तिथेच चुकले. आता ‘खालचे निदल’ म्हणायची पद्धत आहे. तीही अर्धीच बरोबर, कारण ते वरचे निदल आहे. पण निदान अवयव तरी चुकत नाही.

नावांचा पहिला मोठा घोळ १८२४ चा. त्या वर्षी युरोपातल्या एका महाग्रंथात या कुळाचे दोन तुकडे केले गेले: बाल्समिना आणि इम्पेशन्स. बोंडाच्या फाका कशा गुंडाळतात, कुक्षी जुळलेली की सुटी, असल्या फरकांवर ही फाळणी होती आणि ती टिकली नाही. पण तिने एक नाव मागे सोडले. त्या ग्रंथात एका लहान तेरड्याचे नाव ‘बाल्समिना मायनर’ असे छापले होते. १८३४ साली दक्षिण भारताच्या वनस्पतींवर काम करणाऱ्या दोघांनी त्याच जातीला ‘इम्पेशन्स क्लाइनी’ म्हटले. पुढची शंभराहून अधिक वर्षे सगळीकडे क्लाइनीच चालले. नामकरणाच्या नियमानुसार कूळ बदलले तरी आधीचे विशेषण, म्हणजे नावाचे दुसरे पद, पुढे न्यायचे असते, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ‘इम्पेशन्स मायनर’ झाले. म्हणून आपल्या भागातल्या जुन्या नमुन्यांवर क्लाइनी दिसेल आणि नव्या यादीत मायनर. दोन जाती धरून मोजल्या तर आकडा एकाने वाढतो. ही चूक वाटते त्याहून सहज होते, कारण जुनी नोंद आणि नवी नोंद एकाच तक्त्यात शेजारी शेजारी येतात आणि दोन्ही खऱ्या असतात.

आता बेळगावकडे. इथल्या वनस्पतींचा नोंदलेला इतिहास खऱ्या अर्थाने १८५० च्या आसपास सुरू होतो. छावणीतला लष्करी सर्जन, कोकणातला वनखात्याचा अधिकारी, मुलकी खात्यातला कलेक्टर अशी माणसे फावल्या वेळात नमुने दाबत आणि इंग्लंडला पाठवत. वाट बहुतेक ठरलेली: बेळगावहून वेंगुर्ल्याकडे उतरणारा रामघाट. मालाच्या बैलगाड्या, पलटणी, साहेबांच्या पालख्या तिथूनच जात, म्हणून नमुनेही तिथूनच. १८८० च्या दशकाच्या अखेरीस लोंढा-कॅसलरॉकवरून मार्मागोव्याकडे आगगाडी गेली, तशी गर्दी तिकडे सरकली. जुन्या नोंदींत कॅसलरॉक ठायी ठायी भेटते आणि कणकुंबी-देगाव फारसे भेटत नाही. तेरडा तिथे कमी होता असा याचा अर्थ घेऊ नये. स्टेशन नव्हते, एवढाच अर्थ आहे.

नमुने लंडनजवळच्या मोठ्या संग्रहात पोहोचल्यावर त्यांच्या जोडप्रती जगभर वाटल्या गेल्या, आणि त्यासाठी छापील चिठ्ठ्या केल्या होत्या. पश्चिम किनाऱ्याच्या चिठ्ठीवर ठिकाण म्हणून ‘मलबार, कोकण वगैरे’ एवढेच छापलेले होते, आणि गोळा करणारे म्हणून दोन आडनावे व पुन्हा ‘वगैरे’. म्हणजे कराचीचा डॉक्टर आणि ठाण्याचा कलेक्टर एका ओळीत, आणि स्थळ गोव्याच्या अलीकडचे की पलीकडचे ते देवाला ठाऊक. पठारावरचा सुंदर छोटा तेरडा, इम्पेशन्स लॉई, ज्या मुलकी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, तो या दोन आडनावांपैकीच एक. याच दोघांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या नमुन्यांवर १८६० च्या सुमाराला भारतातल्या तेरड्यांचा पहिला पद्धतशीर आढावा छापला गेला. कोकणातल्या वनाधिकाऱ्याच्या नावाचा पिवळ्या फुलांचा इम्पेशन्स डाल्झेली त्यातलाच. १८६१ साली मुंबईत इलाख्याच्या वनस्पतींचे पुस्तक निघाले. १८७० च्या दशकात संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानच्या ग्रंथात हे कूळ आले, आणि त्यात घरगुती तेरड्याची अनेक जंगली रूपे, आधी स्वतंत्र जाती म्हणून वर्णिलेली, एकाच बाल्समिनाचे प्रकार म्हणून एकत्र केली गेली. हा निर्णय योग्य होता असे शेतातला तेरडा बघून वाटते. खतावर उगवलेला कमरेएवढा आणि कातळावरचा वितीएवढा, दोन्ही एकाच बोंडातल्या बियांतून येऊ शकतात. कुंडीतल्या भरगच्च तेरड्यात तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, आणि त्याच्या बियांतून एकेरी फुलांची रोपे निघाली तर नवल मानू नये.

एकत्र करणे की तोडणे, या प्रश्नाला दुसरी बाजू आहे ती वाळलेल्या नमुन्याची. तेरड्याचे फूल दाबले की पाकळ्या ओल्या सिगारेटच्या कागदासारख्या एकमेकींना चिकटतात. म्हणीतला रंग तीन दिवस टिकतो. टिपकागदात तो एक रात्रही टिकत नाही. सोंड चपटी होते, पंखांच्या फाका दुमडतात, बाजूची निदले गळून हरवतात. पंचवीस वर्षांनी कुणी तो कागद उघडला तर त्याला पानांमध्ये तपकिरी डाग दिसतो. ब्रिटिश हिंदुस्थानच्या ग्रंथाचा मुख्य संपादक आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत याच कुळाला चिकटून राहिला. १९०४ ते १९०६ मध्ये त्याने भारतीय तेरड्यांचा नवा गोषवारा छापला, आणि भूभागांनुसार वेगवेगळ्या चाव्या, म्हणजे जात ओळखायचे तक्ते, केल्या, कारण एका डोंगररांगेतल्या जाती दुसरीत फारशा सापडत नाहीत हे त्याच्या लक्षात आले होते. वाळलेली फुले पाण्यात भिजवायची, सुईने उलगडायची, कागदावर काढायची, असे काम तो १९११ साली, ९४ व्या वर्षी जाईपर्यंत करत होता. भिजवून सगळे परत मिळत नाही, हेही त्यानेच सिद्ध केले म्हणायचे.

म्हणून तेरड्याचा नमुना करायची रीत इतर झाडांहून वेगळी आहे, आणि ती इथेच सांगून टाकलेली बरी. झाड मुळासकट घ्यायचे, कंद असेल तर कंदासकट. खोड उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवायचे, फुले बाहेर ठेवून. नाहीतर पाणीदार खोड दाबातही जिवंत राहते आणि पेरापेराला पाने टाकते. दोन-तीन फुले जागेवरच उलगडायची. बटर पेपरवर पाण्याचा थेंब टाकून त्यावर छत्रीची पाकळी, दोन पंख, होडी आणि दोन निदले याच क्रमाने मांडायची आणि वरून दुसरा बटर पेपर ठेवायचा. रंग आणि सोंडेची लांबी मिलिमीटरमध्ये तिथेच लिहायची. पाच-सहा फुले बाटलीत: सत्तर टक्के अल्कोहोल नव्वद मिली, फॉर्मेलिन पाच मिली, ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड पाच मिली. या द्रावणात आकार राहतो, रंग राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वर्तमानपत्राचे कागद पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बदलावे लागतात, आणि बदललेले कागद चुलीवर किंवा इस्त्रीने कोरडे करून घ्यावे लागतात. एक पाळी चुकली की दुसऱ्या दिवशी बुरशी. बी हवे असेल तर हिरव्या बोंडावर पातळ मलमलची पिशवी बांधायची. पिवळे पडायची वाट बघितली तर पाच फाका आत गुंडाळून बी चार हातांवर गेलेले असते. भीमगड अभयारण्यात आणि राखीव जंगलात यातले काहीही परवान्याशिवाय करता येत नाही. तिथे फोटोवर भागवावे, पण तोही समोरून, बाजूने आणि मागून, सोंडेशेजारी पट्टी धरून.

आता मूळ गुंत्याकडे. १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ हप्त्याहप्त्याने निघाला, तो आजही आपल्याकडच्या कॉलेजांत पहिला उघडला जातो. त्यात प्रत्येक जातीखाली ठिकाणे मथळ्यांनी दिलेली आहेत: कोकण, दख्खन, ‘एस. एम. कंट्री’, कानडा (आजचा उत्तर कन्नड), गुजरात, सिंध. बेळगाव-धारवाडच्या नोंदी यातल्या तिसऱ्या मथळ्याखाली येतात. हे आद्याक्षरी रूप म्हणजे सदर्न मराठा कंट्री, दक्षिण मराठा मुलूख. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग ही जहागिरी संस्थाने आणि त्यांच्या मधून पसरलेला इंग्रजी अंमलाखालचा प्रदेश यांना कंपनीच्या काळापासून हे नाव होते. ते महसुली कामकाजाचे आणि राजकीय नाव होते, वनस्पतींचे नव्हते. त्याला पक्की हद्दही नव्हती. कोल्हापूर कधी त्यात धरले जाई, कधी शेजारी.

वनस्पतींच्या दृष्टीने हा मथळा अडचणीचा आहे. बेळगाव शहरापासून पश्चिमेला तासाभराच्या वाटेवर पाऊस कित्येक पटींनी वाढतो. जांबोटी, कणकुंबीची जांभ्या दगडाची पठारे आणि सौंदत्तीकडची काळी जमीन यांत तेरड्याच्या दृष्टीने काहीही सारखे नाही. तरी ग्रंथात दोन्ही एकाच मथळ्याखाली. उलट कणकुंबीचा सडा, म्हणजे जांभ्याचे पठार, आणि तिथून हाकेच्या अंतरावरचे गोव्याचे डोंगर एकच अधिवास, पण गोवा पोर्तुगीजांचे म्हणून तिथली नोंद त्या पुस्तकात शोधायलाच जाऊ नये. रामघाटाचा माथा एका मथळ्यात बसतो, पायथा दुसऱ्यात. कॅसलरॉक कानड्यात, आणि त्याच रेल्वेवरचे लोंढा बेळगावात.

हा शब्द आज वाचणारा दोनपैकी एक चूक करतो. एकतर ‘मराठा’ शब्द बघून दक्षिण महाराष्ट्र असे समजतो आणि नोंद कोल्हापूर-सांगलीच्या खात्यात टाकतो. नाहीतर बेळगाव-धारवाड आज कर्नाटकात आहेत म्हणून सगळा मथळा उत्तर कर्नाटक धरतो. दोन्हीकडे झाड चुकीच्या राज्यात जाते. दुसरी चूक अधिक शहाणी वाटते, म्हणून ती अधिक छापली जाते. तिच्यात काय सुटते ते बघण्यासारखे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, पण सगळा नाही. चंदगड तालुका कायद्यात नाव घेऊन वगळला गेला, मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. सीमाप्रश्नावर बोलताना हे वाक्य इथे सगळ्यांना पाठ असते. वनस्पतींच्या याद्या करणाऱ्यांना ते आठवत नाही. चंदगड म्हणजे रामघाटाचा माथा, तिलारीचे खोरे, पाऊस आणि जंगल. १९५६ च्या आधीच्या एखाद्या चिठ्ठीवर ‘बेळगाव जिल्हा, घाट’ असे लिहिले असेल, तर ती जागा आजच्या महाराष्ट्रातही असू शकते. खानापूर तालुक्यातही असू शकते. आणि ‘बेळगाव’ एवढेच असेल तर ते शहर, छावणी, तालुका, जिल्हा, किंवा नुसते पार्सल जिथून टपालात पडले ते ठिकाण, यांपैकी काहीही. असे नमुने ‘कर्नाटक’ म्हणून संगणकात चढवले की ते तिथेच राहतात. परत उतरवायला कुणी येत नाही.

याचा परिणाम ‘प्रदेशनिष्ठ’ या शब्दावर होतो. मुळात या शब्दाचा अर्थ एखाद्या निसर्गप्रदेशापुरती मर्यादित जात. उत्तर सह्याद्रीची प्रदेशनिष्ठ म्हटले तर त्याला काही अर्थ आहे: तीच पठारे, तोच पाऊस, तोच जांभा. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यवार वनस्पती-ग्रंथ निघू लागले तसे ‘या राज्याला प्रदेशनिष्ठ’ असे लिहायची सवय लागली. तेरड्याला तिलारीच्या अलीकडचा ओढा महाराष्ट्राचा आणि पलीकडचा कर्नाटकाचा हे कळायचे काही साधन नाही. मग एखाद्याला चोर्ल्याच्या बाजूला एखादी जात दिसली की ‘राज्यासाठी नवी नोंद’ म्हणून लेख निघतो. यातल्या काही नोंदी खऱ्याच नव्या असतात. काहींच्या बाबतीत ती जात त्याच डोंगरावरून शंभर वर्षांपूर्वी इलाख्याच्या ग्रंथात आलेली असते, फक्त तिसऱ्या मथळ्याखाली, जिथे कुणी बघितले नाही. राज्यवार मोजणी प्रशासनाला लागते, निधी त्यावर मिळतो, हे मान्य. पण तिला वनस्पतिशास्त्राचा निष्कर्ष म्हणणे जमत नाही, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या याद्या एकत्र ठेवून एकही तक्ता होऊ नये, ही गोष्ट या भागात तरी समजण्यासारखी नाही.

घराण्याच्या बाबतीत मात्र निर्णय झाला आहे, फक्त आपल्या कपाटांना तो अजून कळायचा आहे. इलाख्याच्या काळातल्या वर्गीकरणात तेरडा जिरेनियमच्या घराण्यात, आंबुशीच्या शेजारी होता. बऱ्याच कॉलेजांतले जुने नमुने अजून त्याच क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे विद्यार्थी तेरड्याचे स्वतंत्र फोल्डर शोधत राहतो आणि ते आंबुशीच्या खाली निघते. १८९५ साली जर्मन वर्गीकरणात कुळाचे खोडवाले आणि बिनखोडाचे असे दोन भाग केले होते. कातळावरचा अकॉलिस दुसऱ्यात. दिसायला ही विभागणी सोयीची होती, पण नाती दाखवत नव्हती. १९९८ साली डीएनएच्या आधारे सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी आली आणि तेरड्याचे घराणे उचलून चहा, चिकू, बकुळ, मोह आणि टेंभुर्णीच्या गणात ठेवले गेले. चिकू आणि तेरडा हे नातेवाईक आहेत यावर वर्गात सहसा हशा होतो. पुढच्या डीएनए अभ्यासांनी या कुळाचा उगम नैर्ऋत्य चीनच्या बाजूला असल्याचे सुचवले. २०१६ च्या सुमारास फुलांची, परागकणांची लक्षणे आणि डीएनए एकत्र घेऊन दोन उपकुळे आणि त्यांतल्या एकाचे सात विभाग अशी मांडणी आली. हीच आता बहुतेकांनी धरली आहे.

लोकनावांचा घोळ छोटा आहे पण धोका त्यात जास्त. बेळगावच्या मराठी घरांत गौर आणायला मुळासकट उपटलेला तेरडा लागतो. बाजारात आदल्या दिवशी जुड्या येतात. कानडीत त्याला कर्णकुंडल म्हणतात, आणि गौरी हूवू असेही. मराठीत मात्र ‘गौरीची फुले’ म्हणून कळलावीही ओळखली जाते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची वेल. तेरडा निरुपद्रवी आहे. काही देशांत मेंदीसारखा नखे रंगवायलाही वापरतात, त्यात मेंदीतलेच रंगद्रव्य सापडते. कळलावी विषारी आहे, तिचा कंद तर सर्वाधिक. ‘गौरीचे फूल’ एवढे लोकनाव लिहून औषधी उपयोग जोडणाऱ्या याद्या निघाल्या आहेत, त्या वापरण्याआधी शास्त्रीय नाव मागावे. गौरीसाठी झाडे उपटल्याने तेरडा संपतो अशी ओरडही अधूनमधून होते. साधा तेरडा बांधावर, कुंपणाशी, उकिरड्यावर येतो, त्याला फारसा धक्का लागत नाही. भाद्रपद उशिरा आला तर बोंडे आधीच फुटून गेलेली असतात. लवकर आला तर बी धरायच्या आत झाडे जातात, आणि तेव्हा पठारावरचा बारका तेरडा जुडीत भरायचा मोह टाळावा, एवढेच.

अलीकडच्या दहा वर्षांत जुने नमुने संगणकावर आले, हे सगळ्यात मोठे काम झाले. पण त्यानेही आपल्या जिल्ह्याचे प्रश्न वाढवलेच. २०१४ साली नाव बेळगावी झाले. त्यामुळे शोध दोन्ही नावांनी घ्यावा लागतो, शिवाय जुन्या चिठ्ठ्यांवरची दोन-तीन वेगळी स्पेलिंगे टाकून. नुसते ‘खानापूर’ लिहिलेला नमुना यंत्र आपोआप सांगली जिल्ह्यातल्या खानापुरावर नेऊन ठेवते, विट्याच्या कोरड्या माळावर, आणि नकाशावर तिथे सदा भिजलेल्या कातळावरचा तेरडा उगवतो. नकाशावर पावसाचा थर चढवून बघितले की असे ठिपके लगेच उठून दिसतात. संशयास्पद ठिपका पुसायचा नाही; मूळ चिठ्ठीचा फोटो उघडून गोळा करणाऱ्याचा त्या आठवड्यातला प्रवास बघायचा. आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचे नमुने रामघाटातले असतील तर हा खानापूर कुठला ते ठरते. नव्या चिठ्ठीवर मग एवढे यावे: गाव, वाडी, तालुका, जिल्हा, राज्य; तारीख; अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत; उंची मीटरमध्ये; ‘जांभ्याचे पठार, माती चार बोटे, पाणी साचलेले’ किंवा ‘उभा कातळ, तुषारांत’; आणि जुन्या चिठ्ठीची दुरुस्ती असेल तर जुना मजकूर जसाच्या तसा, त्यातल्या ‘एस. एम. कंट्री’सकट.